त्रिकोण दाबला की हेडलाईट लागतो, पण दहातनं पाचदाच! – पीएस२ रिमोट, आर्डुइनो आणि पुठ्ठ्याची लालपरी

सातारी_मामा | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाची आठवीत आहे. तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोघांनी मिळून चारचाकी रोबो केला आणि त्यावर पुठ्ठ्याची एसटी बसवली. लाल रंग, पांढरा पट्टा, पाटीवर 'सातारा – महाबळेश्वर'. चालते झकास. मागच्या आठवड्यात बाईसाहेब म्हणाल्या, "मामा, घाटात दिव्याशिवाय कशी जाणार?" म्हणून दिवे लावायला घेतले आणि तिथेच घोडं अडलं.

सामान असं: आर्डुइनो युनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, १२ व्होल्टच्या चार गिअर मोटरी, तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडून, आणि २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस पीएस२ (प्लेस्टेशन २) रिमोट त्याच्या रिसीव्हरसकट. रिमोट वाचायची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, बिल पोर्टरची पीएस२एक्स. रिसीव्हर १० ते १३ पिनांवर आहे, उदाहरणात होता तसाच.

बटनं भाचीने ठरवलीत. त्रिकोण म्हणजे हेडलाईट, एल१ डावा इंडिकेटर, आर१ उजवा, चौकोन दाबला की चारही, गोल म्हणजे डिपर, फुली म्हणजे हॉर्न.

हॉर्न आणि डिपर बिनतक्रार चालतात. हेडलाईटचं मात्र काही कळत नाही. त्रिकोण दाबला की दिवा चमकतो, फडफडतो आणि सोडल्यावर कधी चालू राहतो, कधी बंद. मोजून बघितलं, दहातनं पाचदा बरोबर. रिमोट बदलला, तरी तेच. प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलंय.

चिकटपट्टी | शनिवार, रात्री ११:१५

दिव्याचं होईल हो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय केलीत का ते आधी सांगा.

रोधक | शनिवार, रात्री ११:४०

मामा, रिमोट ठीक असावा. तुमचा कोड रिमोटला चुकीचा प्रश्न विचारतोय, असं मला वाटतं.

पीएस२एक्समध्ये बटनाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. 'बटन' विचारलं की उत्तर मिळतं ते 'आत्ता दाबलेलं आहे का' याचं. 'बटनप्रेस्ड' विचारलं तर 'मागच्या वेळी बघितलं तेव्हा सुटलेलं होतं आणि आता दाबलंय, असं झालंय का' याचं. हॉर्नला पहिला प्रश्न लागतो, कारण बोट आहे तोवर वाजलं पाहिजे. हेडलाईटला दुसरा लागतो, कारण एका दाबण्याला एकदाच उलटं व्हायला हवं.

तुम्ही हेडलाईटला पहिला विचारत असाल तर गणित बघा. माणसाचं बोट बटनावर साधारण पाव सेकंद असतं. तुमचा लूप, म्हणजे कोडाचा सतत फिरणारा भाग, सेकंदाच्या दहाव्या भागात एक फेरी मारत असेल, तर त्या पाव सेकंदात दोन किंवा तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दिवा उलटतो. तीनदा उलटला तर बदलला, दोनदा उलटला तर होता तसाच. म्हणून फडफड, आणि म्हणूनच दहातनं पाच.

अण्णा_वायरमन | रविवार, सकाळी ७:०५

रोधकभाऊ म्हणतात ते कोडातलं असंल, आपल्याला त्यातलं कळत नाही. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय कोल्हापुरात. अर्थ, म्हणजे ग्राउंडची वायर, आधी बघा. मोटरीचा अर्थ, दिव्यांचा अर्थ आणि त्या निळ्या बोर्डाचा अर्थ एका जागी आणलाय का? दिवा फडफडला की शंभरातले ऐंशी अर्थ ढिला असतो, बघा.

सातारी_मामा | रविवार, दुपारी १:३०

अण्णा, अर्थ तपासला. एल२९८एनची ग्राउंड, आर्डुइनोची ग्राउंड आणि दिव्यांची ग्राउंड एकाच पट्टीवर आणून सोल्डर केल्या. एक खरंच ढिली होती, पण तिने हेडलाईटला काही फरक पडला नाही.

रोधक, तुमचं बरोबर निघालं, मी 'बटन'च वापरत होतो. बदलून 'बटनप्रेस्ड' केलं आणि फडफड गेली, अगदी साफ गेली.

पण आता नवीनच. त्रिकोण दाबला की कधी दिवा लागतो, कधी काहीच होत नाही, जणू दाबलाच नाही. भाचीने वहीत रेघा मारून मोजलं: वीस वेळा दाबला, अकरा वेळा लागला. म्हणजे परत दहातनं पाच. रोग बदलला, आकडा तोच!

रोधक | रविवार, दुपारी २:१०

अं? हे नाही होणार. बटनप्रेस्ड सुटत नाही सहसा. बटनाखालचा रबर खराब नाही ना?

सातारी_मामा | रविवार, दुपारी २:२५

रबर नाही. त्याच बटनाला हॉर्न लावून बघितला, वीसपैकी वीसदा वाजला.

जुईली | रविवार, दुपारी ४:४८

मामा, रोजचं काम असल्या बोर्डांचंच असल्यामुळे मला एक संशय येतोय. लूपमध्ये काय काय आहे ते क्रमाने सांगाल का? कोड चिकटवू नका, इथे त्याचा चुथडा होतो. मराठीत सांगा, चालेल.

सातारी_मामा | रविवार, संध्याकाळी ६:००

ताई, मराठीत सांगतो, हसू नका.

लूपमध्ये दोनच ओळी आहेत: गाडी_चालव, दिवे_बघ.

गाडी_चालव मध्ये: रिमोट वाच. डावी काडी (जॉयस्टिक) बघ, त्याप्रमाणे मोटरी फिरव. ५० मिलिसेकंद थांब.

दिवे_बघ मध्ये: रिमोट वाच. त्रिकोण आत्ताच दाबला असेल तर हेडलाईट उलट. बाकीची बटनं बघ. ५० मिलिसेकंद थांब.

मोटरचा भाग एका उदाहरणातून घेतला, दिव्यांचा दुसऱ्यातून.

जुईली | रविवार, संध्याकाळी ६:२०

सापडलं. रिमोट दोनदा वाचताय.

'आत्ताच दाबलं का' याचं उत्तर लायब्ररी कसं देते? तिच्याकडे बटनांच्या फक्त दोन नोंदी असतात, या वाचनाची आणि याच्या लगेच आधीच्या वाचनाची. रिमोट वाच म्हटलं की नवी नोंद जुनीच्या जागी सरकते आणि ताजी आत येते. दोन्हींत फरक असेल तरच 'आत्ताच'.

आता तुमचा लूप घड्याळ लावून बघा. शून्याला गाडी_चालव ने वाचलं. ५० ला दिवे_बघ ने वाचलं. १०० ला पुन्हा गाडी, १५० ला पुन्हा दिवे. भाचीने ३० ला बटन दाबलं तर ५० च्या वाचनात फरक दिसतो, दिवे_बघ ते बघतं आणि दिवा लागतो. पण तिने ७० ला दाबलं तर? फरक १०० च्या वाचनात येतो. ते वाचन गाडी_चालव चं आहे, आणि गाडीला त्रिकोणाशी काही देणंघेणं नाही. १५० ला दिवे_बघ वाचतं तोवर आधीची नोंदही 'दाबलेलं' झालेली असते. फरक शून्य. दाबणं गिळलं.

दोन्ही थांबे ५०-५० चे, म्हणून निम्मी दाबणी गाडी खाते आणि निम्मी दिव्यांना मिळतात. वीसपैकी अकरा म्हणजे भाचीची मोजणी चोख आहे हो. हॉर्नला 'दाबलेलं आहे का' एवढंच विचारताय, त्याला कुणी आधी वाचलं याने फरक पडत नाही. म्हणून तो वीसपैकी वीस.

उपाय: रिमोट वाच ही ओळ दोन्ही कामांतून काढा आणि लूपच्या पहिल्या ओळीत एकदाच लिहा. नंतर सगळ्यांनी त्याच वाचनावर काम करायचं.

सातारी_मामा | रविवार, संध्याकाळी ६:५५

वीसपैकी वीस!!

भाचीने परत रेघा मारल्यात. आकाशकंदिलाची पणती पहिल्यांदा लागावी तशी ओरडली. ताई, तुमचे आभार कसे मानू.

नुसतावाचक | रविवार, रात्री ८:३०

जुईलीताईंचा प्रतिसाद वाचनखूण साठवली. माझ्या लाईन फॉलोअरचं (रेघेवरून चालणाऱ्या रोबोचं) स्टार्ट बटन दोन वर्षं असंच रुसलंय. मी रिमोटला शिव्या घालत होतो.

सातारी_मामा | सोमवार, रात्री ९:४०

पुढचा प्रश्न लगेच. इंडिकेटर लावला: एल१ दाबला की डावा दिवा अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद, दोन्हीकडे 'थांब ५००'. लुकलुकतो छान. पण तो चालू असला की गाडी गचके खात चालते आणि बटनं पुन्हा ऐकेनाशी झालीत.

रोधक | सोमवार, रात्री १०:०५

'थांब' काढा. सगळेच काढा. थांब म्हटलं की आर्डुइनो खरंच थांबतो: काडी वाचत नाही, मोटरचा वेग बदलत नाही, रिमोटकडे बघत नाही. तेवढ्यात कुणी बटन दाबून सोडलं तर ते कुठेच राहत नाही. विचारलं त्या क्षणी जे दाबलेलं असेल तेवढंच हा रिमोट सांगतो. त्यातून लायब्ररीत अशी सोय आहे की दोन वाचनांमध्ये दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला तर ती रिमोटची जुळणी पुन्हा सुरुवातीपासून करते. तीन-चार थांबे एकापुढे एक लागले की तेही होणार.

इंडिकेटरला घड्याळ वापरा. 'मिलिस' म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा. आता वेळ किती, याला ३३३ ने भागायचं आणि भागाकार सम असेल तर दिवा चालू, विषम असेल तर बंद. थांबायची गरजच नाही, लूप फिरताना नुसतं बघायचं.

अण्णा_वायरमन | मंगळवार, सकाळी ६:५०

३३३ कुठनं काढला ओ? पण बरोबर काढलाय. गाडीचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये लुकलुकायला लागतो, मध्यावर ९०. ९० म्हणजे एक फेरी ६६७ ची आणि अर्धी ३३३ ची.

गाडीत हे काम फ्लॅशर करतो. त्याची एक गंमत सांगतो. एका बाजूचा एक बल्ब उडाला की त्या बाजूचा इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिक करायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं फ्लॅशर खराब झाला. फ्लॅशर ठणठणीत असतो, बल्ब गेलाय हे तो सांगत असतो. तुमच्या लालपरीत पण असं काही करा, पोरीला दहा मार्क जास्त पडतील.

आणि एक बघा. डावा चालू असताना उजवा दाबला तर डावा बंद व्हायला पाहिजे. दोन्ही एकदम लागले म्हणजे ते चारही झाले, मग मागच्याला कळायचं काय?

जुईली | मंगळवार, सकाळी ९:३०

अण्णांनी लाखमोलाचं सांगितलंय आणि त्यात कोडाचं सगळं गुपित आहे. बटनं सहा असली तरी स्वभाव तीनच आहेत.

हॉर्न, डिपर: बोट आहे तोवर. यांना काहीच लक्षात ठेवायचं नाही.

हेडलाईट: एकदा दाबला चालू, परत दाबला बंद. यांना एक हो-नाही लक्षात ठेवायचं.

इंडिकेटर: डावं, उजवं किंवा काही नाही, यांतलं एकच. डाव्याला एक हो-नाही आणि उजव्याला दुसरं असं ठेवलंत तर कधीतरी दोन्ही 'हो' होतील आणि तुम्ही शोधत बसाल. 'वळण' नावाचा एकच डबा ठेवा. त्यात तीनपैकी एक गोष्ट असेल. मग दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटन दिसल्या दिसल्या पिन चालू करू नका. बटनांनी फक्त डब्यांमधल्या गोष्टी बदलायच्या. लूपच्या शेवटी एकाच जागी त्या डब्यांकडे बघून पिना लिहायच्या. दिवा का लागला हे कळेनासं झालं की बघायला एकच जागा उरते.

सातारी_मामा | मंगळवार, रात्री ११:२०

ताई म्हणाल्या तसं लिहिलंय. आमच्या मराठी भाषेत देतो, तपासा.

फिरत राहा:
 रिमोट वाच, एकदाच
 आत्ता = मिलिस
 रिमोट बोलत नसेल तर: मोटरी बंद, हॅजर्ड (चारही इंडिकेटर) = हो, परत वर जा
 त्रिकोण आत्ताच दाबला तर: हेडलाईट = उलट
 चौकोन आत्ताच दाबला तर: हॅजर्ड = उलट, वेळ = आत्ता
 एल१ आत्ताच दाबला तर: वळण डावं असेल तर वळण = काही नाही, नसेल तर वळण = डावं. वेळ = आत्ता
 आर१ चं तसंच, उजव्यासाठी
 डिपर = गोल दाबलेला आहे का
 हॉर्न = फुली दाबलेली आहे का
 उजळ = (आत्ता वजा वेळ) भागिले ३३३, भागाकार सम आहे का
 काडीप्रमाणे मोटरी फिरव

 इथून खाली फक्त पिना:
 हेडलाईटची पिन: डिपर असेल तर २५५, नाहीतर हेडलाईट असेल तर ९०, नाहीतर ०
 डावी पिन: उजळ असेल आणि (वळण डावं किंवा हॅजर्ड)
 उजवी पिन: उजळ असेल आणि (वळण उजवं किंवा हॅजर्ड)
 हॉर्नची पिन: हॉर्न

नुसता मिलिस भागिले ३३३ न घेता 'वेळ' वजा केली, कारण नाहीतर कधी कधी बटन दाबल्यावर इंडिकेटर आधी अंधारातच राहायचा आणि भाचीला वाटायचं लागलाच नाही.

रिमोट बोलत नसेल ही ओळ मी घातलीय खरी, पण ते कसं ओळखायचं ते अजून माहीत नाही. तिथे सध्या नुसती रिकामी जागा आहे.

जुईली | बुधवार, सकाळी ८:५०

फार सुरेख. 'वेळ' वजा करणं मीही सुचवणार होते.

एक चूक. रिमोट बोलत नसताना हॅजर्ड 'हो' करता आणि लगेच 'परत वर जा'. मग पिना लिहिणाऱ्या ओळींपर्यंत कोणी पोचतच नाही आणि हॅजर्ड कधी लागतच नाही. परत जाऊ नका. 'तुटलं' असा वेगळा डबा ठेवा, तुटलं असेल तर मोटरी बंद करा, आणि इंडिकेटरच्या ओळीत 'हॅजर्ड किंवा तुटलं' लिहा. हॅजर्डलाच हात लावलात तर रिमोट परत आल्यावरही चारही दिवे चालूच राहतील, कारण तो 'हो' कुणी पुसणार नाही.

डेट्रॉइटकर | बुधवार, सकाळी ११:१५

इकडे रात्र झालीय, पण हा धागा सोडवेना. मी इथल्या एका हायस्कूलच्या फर्स्ट रोबोटिक्स संघाला शनिवारी मदत करतो. त्या स्पर्धेत प्रत्येक रोबोवर एक नारिंगी दिवा सक्तीचा असतो. रोबोला वीज आहे पण तो हलायला मोकळा नाही, तेव्हा तो स्थिर जळतो. हलायला मोकळा केला की लुकलुकतो. मुलं त्या दिव्याकडे बघूनच जवळ जायचं की नाही ते ठरवतात. मामांच्या लालपरीला 'तुटलं' चे चार दिवे आले की तिची आणि आमच्या रोबोची जात एकच.

आमच्याकडे एक्सबॉक्सचा रिमोट असतो, आणि तिथल्या लायब्ररीतही जुईलीताईंचे स्वभाव जवळपास तसेच लिहिता येतात: दाबलेलं असेपर्यंत, दाबल्या क्षणी, आणि दाबलं की उलट. नावं इंग्रजी, भानगड तीच.

सातारी_मामा | गुरुवार, रात्री १०:१०

आज अपघात झाला.

रिसीव्हरची वायर हलवत होतो, गाडी जमिनीवर. डेटाची वायर निसटली आणि लालपरी एकदम उलट्या दिशेने सुटली. पूर्ण वेगात मागे जाऊन आईच्या कपाटावर आदळली. मागचा पुठ्ठा चेपला, पाटी पडली. आई म्हणाली, "घाट उतरायच्या आधीच ब्रेक फेल?"

सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे आकडे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) काड्यांचे आकडे बघितले तर चारही २५५. बटनं मात्र एकही दाबलेलं नाही. हे कसं?

जुईली | गुरुवार, रात्री १०:४५

मामा, मन लावून वाचा, हे पाहण्यासारखं आहे.

पीएस२ चा रिमोट बटनं उलटी सांगतो: सुटलेलं बटन १, दाबलेलं ०. रिसीव्हरची डेटा लाईन मोकळी सुटली की लायब्ररीने लावलेला पुल-अप (लाईन वर ओढून धरणारा रोधक) तिला वरच धरून ठेवतो, म्हणून आर्डुइनोला सगळे १ च दिसतात. बटनांच्या भाषेत सगळे १ म्हणजे 'कोणीही काही दाबलेलं नाही'. दिवे शांत, तुम्हाला वाटतं सगळं ठीक.

काड्यांच्या भाषेत मात्र सगळे १ म्हणजे २५५. या रिमोटच्या काडीत पूर्ण वर ० आणि पूर्ण खाली २५५, मधोमध १२८ च्या आसपास. म्हणजे वायर तुटणं आणि काडी खाली पूर्ण ओढणं गाडीला सारखंच दिसतं. म्हणून मागे.

आता ओळखायचं कसं. रिमोट बटनांच्या आधी एक ओळखीचा बाइट पाठवतो. लायब्ररीत 'अ‍ॅनालॉग १' म्हटलं की तो मिळतो. काड्या चालू असलेल्या मोडमध्ये त्याचा वरचा अर्धा भाग ७ असतो: साध्या वाचनात तो बाइट सोळाच्या पद्धतीत ७३, बटनांचे दाबही मागवले असतील तर ७९. रिमोटवरचं मोडचं बटन चुकून दाबलं गेलं आणि काड्या बंद झाल्या तर ४१. वायर तुटली तर एफएफ. वरचा अर्धा भाग ७ नसेल तर 'तुटलं'. ४१ लाही तुटलंच समजा, कारण तेव्हा काड्यांचे आकडे खरे नसतात.

आणि एक कराच: रिमोटच्या बॅटऱ्या काढून बघा. माझ्याकडच्या दोन रिसीव्हरांपैकी एक रिमोट बंद झाला की लगेच ओळख बदलतो, दुसरा शेवटचेच आकडे काही वेळ सांगत बसतो. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते तुम्हीच बघायचं.

अण्णा_वायरमन | शुक्रवार, सकाळी ७:१५

आणि चाकं वर उचलून चाचणी करा की ओ. विटेवर ठेवा गाडी. आम्ही गाडी जॅकवर घेतल्याशिवाय गिअर टाकत नाही.

सातारी_मामा | शुक्रवार, रात्री ९:३०

वीट ठेवली. वायर काढली: चाकं थांबली, चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले. वायर लावली: परत शांत. रिमोटच्या बॅटऱ्या काढल्या: जेमतेम सेकंदाने तेच. माझा रिसीव्हर शहाण्यांच्या जातीचा निघाला.

भाची म्हणते प्रदर्शनात हेच दाखवायचं, दिवे नंतर.

चिकटपट्टी | शुक्रवार, रात्री ९:५०

रुमालाचं मी विसरलेलो नाही.

रोधक | शुक्रवार, रात्री १०:२०

मामा, दिवे नेमके कसले लावलेत? युनोच्या पिनेवर थेट तर नाही ना? पिनेतून २० मिलिअँपिअर घ्यावेत, ४० ही कमाल मर्यादा. तिच्या जवळपासही जाऊ नये.

सातारी_मामा | शुक्रवार, रात्री १०:४०

हेडलाईटला १२ व्होल्टची एलईडी पट्टी तीन-तीनच्या खुणेवर कापून दोन तुकडे लावलेत. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने यूएलएन २००३ (दिवे चालवायचा आयसी) दिला, म्हणाला यातून कर. मागचे दिवे आणि इंडिकेटरही त्यातूनच.

रोधक | शुक्रवार, रात्री ११:००

दुकानदाराने चांगलं दिलं. त्या पट्टीत तीन एलईडींचा तुकडा साधारण ६० मिलिअँपिअर खातो, दोन तुकडे १२०. यूएलएन २००३ मध्ये सात वाटा असतात आणि एक वाट ५०० पर्यंत झेलते. आत रोधक बसवलेलाच असतो, म्हणून आर्डुइनोची पिन थेट जोडता येते. लक्षात ठेवायचं एवढंच की तो वीज देत नाही, जमिनीकडे ओढतो. पट्टीचं धन टोक बॅटरीला, ऋण टोक यूएलएनला. त्याची ८ नंबरची पिन बाकीच्या ग्राउंडला, नाहीतर अण्णा परत येतील.

उजेड कमी-जास्त करायला हेडलाईट ३ नंबरच्या पिनेवर घ्या. युनोवर ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांनाच तसं करता येतं. १० आणि ११ रिमोटने खाल्ल्या, ५-६ मोटरींना दिल्या असतील, तर ३ आणि ९ उरतात. आणि सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) वापरायचा असेल तर ९ आणि १० वरची ती सोय जाते, तोही हिशेब ठेवा. इंडिकेटर आणि रिव्हर्स लाईट ए० पासूनच्या पिनांवर घाला, त्या साध्या पिना म्हणूनही चालतात.

डेट्रॉइटकर | शुक्रवार, रात्री ११:५०

प्रत्येकीला वेगळा रंग सांगता येतो अशा एलईडी, डब्ल्यूएस२८१२बी, वापरल्या असत्या तर एकाच पिनेत सगळं झालं असतं.

जुईली | शनिवार, सकाळी ९:१०

झालं असतं, पण एक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअर पाच व्होल्टवर मागतो, त्यासाठी वेगळा पुरवठा लागला असता. मामांच्या एसटीला इंद्रधनुष्य नको आहे. हे आहे ते चांगलं आहे.

सातारी_मामा | रविवार, रात्री ८:१५

ब्रेक लाईटही लावली, ९ नंबरवर. काडी मधोमध आली की लाल दिवा. पण उभ्या गाडीत तो दिवा थरथरत होता. आकडे बघितले तर काडी सोडल्यावर कधी १२३, कधी १३१, मध्येच १३६. मी 'बरोबर १२८ असेल तर' लिहिलं होतं!

आता असं केलंय: ११८ ते १३८ च्या आत आली की थांबली म्हणायचं, आणि एकदा थांबली की ११० च्या खाली किंवा १४६ च्या वर जाईपर्यंत चालू झाली म्हणायचं नाही. थरथर बंद. १४६ च्या वर गेली की पांढरा रिव्हर्स दिवाही लागतो.

बल्ब उडाल्यावर दुप्पट वेगाने टिकटिक करायचं अण्णांचं काम राहिलंय. त्याला दिव्यातून जाणारी वीज मोजावी लागेल, ते परीक्षा संपल्यावर.

अण्णा_वायरमन | रविवार, रात्री ८:४०

करा करा. फोटो टाका.

नवखा_नाशिक | सोमवार, दुपारी ३:२०

उशिरा आलो. माझ्याकडे पीएस४ चा रिमोट पडून आहे, आर्डुइनो युनोला चालेल का? का ईएसपी३२-एस३ बोर्ड घेऊ? नवा आहे म्हणे.

जुईली | सोमवार, संध्याकाळी ५:०५

युनोला ब्लूटूथ नाही, म्हणून थेट नाही. पण एस३ घेऊ नका. पीएस४ चा रिमोट जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर बोलतो आणि एस३ मध्ये फक्त कमी विजेचं ब्लूटूथ आहे. सी३ चंही तसंच. साधा, पहिला ईएसपी३२ घ्या, त्यात दोन्ही आहेत. लायब्ररी ब्लूपॅड३२. शेअर आणि पीएस ही बटनं एकत्र धरून ठेवा, पुढची पट्टी भरभर लुकलुकली की जोडायला तयार.

बाकी धागा वरून वाचा. बटनांचे स्वभाव तेच, आणि रिमोट एकदाच वाचायचा.

सातारी_मामा | सोमवार, रात्री ९:५५

फोटो टाकलेत. पाटी परत चिकटवली. रुमाल पण ठेवलाय खिडकीत, चौथ्या सीटवर, चिकटपट्टीसाहेबांसाठी.